व्होल्ट आणि अँपिअर कळले की ओहम आणि वॅट कसे काढायचे

पाणी तापवायच्या रॉडवर १५०० वॅट छापलेलं असतं. तो आकडा खरा, पण रॉडला २३० व्होल्ट मिळाले तरच. सांगलीत विश्रामबागेत बहुतेक वेळा मिळतात. तासगाव नाहीतर कवठेमहांकाळकडच्या एखाद्या वस्तीवर, डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) पार शेवटच्या खांबावर घर असेल आणि आजूबाजूच्या मळ्यांतल्या मोटारी चालू असतील, तर व्होल्टेज १८० वरही येतं. मग तोच रॉड जेमतेम ९०० वॅटचं काम करतो. बादली तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो आणि घरातले म्हणतात, रॉड खराब झाला.

रॉड खराब झालेला नसतो. त्याच्या आतल्या तारेचा रोध होता तेवढाच आहे. व्होल्टेज बदललं, म्हणून करंट बदलला, म्हणून वॅट बदलले. हे चार आकडे एकमेकांना कसे बांधलेले आहेत, दोन माहीत असले की उरलेले दोन कसे काढायचे, आणि हे गणित कुठे फसतं, तेवढंच इथे सांगतो. आयटीआयला नुकते लागलेले, वायरमनच्या हाताखाली शिकणारे, किंवा मीटर एवढा का पळतोय हे स्वतः तपासू पाहणारे, अशांसाठी हे लिहिलं आहे. गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

चार आकडे, दोन सूत्रं

व्होल्टेज व्होल्टमध्ये मोजतात, करंट अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि पॉवर वॅटमध्ये. शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि शक्ती असे शब्द भेटतात. दुकानात कुणी ते वापरत नाही, पण परीक्षेत लागतात, म्हणून दोन्ही ठाऊक असू द्या.

पहिलं सूत्र ओहमचा नियम. गेऑर्ग सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने तो १८२७ साली छापून मांडला:

व्होल्ट = अँपिअर × ओहम

दुसरं सूत्र पॉवरचं:

वॅट = व्होल्ट × अँपिअर

बस्स. बाकी सगळी सूत्रं या दोघांचीच पोरं. रोध हवा तर ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर. करंट हवा तर अँपिअर = वॅट ÷ व्होल्ट. पहिलं सूत्र दुसऱ्यात घातलं की आणखी दोन मिळतात आणि कामात तीच सगळ्यात जास्त लागतात:

वॅट = अँपिअर × अँपिअर × ओहम

वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम

इथे बहुतेक नवशिके अडखळतात. या शेवटच्या दोघांतल्या पहिल्या सूत्रात रोध वाढला की वॅट वाढतात, दुसऱ्यात रोध वाढला की वॅट कमी होतात. मग खरं कुठलं? दोन्ही खरी. काय कायम राहतंय ते आधी बघायचं. भिंतीतल्या सॉकेटला हीटर लावला तर व्होल्टेज कायम असतं, त्यामुळे रोध कमी असेल तो हीटर जास्त तापतो. पण एकाच लाइनमध्ये एकामागोमाग असलेल्या गोष्टी घ्या: वायर, प्लगची पिन, जोड, हीटर. या सगळ्यांतून करंट एकच वाहतो. तिथे ज्याचा रोध जास्त तो जास्त तापतो. हीटरची कॉइल लाल होते आणि वायर गार राहते ती यामुळेच. वायर गरम लागायला लागली, तर समजा तिचा रोध कुठेतरी नको तेवढा वाढलाय किंवा तिच्यातून नको तेवढा करंट जातोय.

हा मुद्दा नीट बसला नाही तर पुढे जाऊ नका, पुन्हा वाचा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

मोजण्याआधी

ओल्या हाताचा, ओल्या पायाचा माणूस विजेला साधारण १००० ओहम रोध करतो असं धरून हिशोब करा. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. घरात जी आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) बसवतात ती ३० मिलिअँपिअर गळतीला ट्रिप होते, कारण त्याच्या वर जीवाला धोका आहे. आपला आकडा त्याच्या सातपटीहून जास्त. मळ्यात पाणी पाजताना चिखलात उभं राहून स्टार्टर उघडणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करावं.

म्हणून सराव १२ व्होल्टच्या बॅटरीवर करायचा. २३० व्होल्टवर फक्त व्होल्टेज मोजायचं, तेही जाणत्या माणसासमोर.

मल्टिमीटरबद्दल तीन गोष्टी पक्क्या हव्यात. व्होल्टेज मोजताना मीटरची दोन टोकं दोन तारांना समांतर लावायची. करंट मोजताना वायर तोडून मीटर मधे घालायचा, म्हणजे सगळा करंट त्याच्यातून जाईल. रोध मोजताना वस्तूचा प्लग काढून ठेवायचा, लाइट चालू असताना ओहमच्या रेंजवर टोकं लावायची नाहीत.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक अशी. करंट मोजून झाला, लाल पिन १० अँपिअरच्या भोकातच राहिली, आणि नंतर व्होल्टेज बघायला म्हणून दोन्ही टोकं सॉकेटमध्ये घातली. अँपिअरच्या रेंजला मीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो. २३० भागिले जवळजवळ शून्य किती होतात ते बघा. थेट शॉर्ट. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजसुद्धा नसतो, तसं त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. करंट मोजून झाला की लाल पिन आधी जागेवर, मग बाकी सगळं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. पैसे असतील तर क्लॅम्प मीटर घ्या. तो वायरीला बाहेरून चिमटा लावतो, काही तोडावं लागत नाही. मात्र चिमट्यात एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो.

पहिला सराव: मोटारसायकलचा इंडिकेटर बल्ब

१२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब आणि १२ व्होल्टची बॅटरी घ्या. पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी चालते, द्राक्षबाग असलेल्या घरात ती असतेच. आधी कागदावर:

करंट = १० ÷ १२ = ०.८३ अँपिअर
रोध = १२ ÷ ०.८३ = १४.४ ओहम

आता बल्ब लावा. बल्ब पेटलेला असताना बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग वायर सोडवून मीटर मधे घालून करंट मोजा. समजा १२.४ व्होल्ट आणि ०.८५ अँपिअर आले. रोध १२.४ ÷ ०.८५ = १४.६ ओहम. पॉवर १२.४ × ०.८५ = १०.५ वॅट. कागदाच्या जवळ आहे, पण हुबेहूब नाही. बल्बवरचा आकडा बरोबर १२ व्होल्टचा आणि आपली बॅटरी १२.४ देतेय, त्यामुळे थोडा फरक येणारच.

आता बल्ब काढा, गार होऊ द्या आणि ओहमच्या रेंजवर थेट त्याचा रोध मोजा. १४ येणार नाही. एक-दीड ओहमच्या आसपास काहीतरी येईल. मीटर बिघडलेला नाही. फिलामेंट टंगस्टनचं असतं, आणि पांढरं होईपर्यंत तापलं की टंगस्टनचा रोध गार असतानाच्या दहापटीच्या घरात जातो. थंड मोजलेला आकडा सूत्रात घातला असता तर १२ × १२ ÷ १.२ = १२० वॅट आले असते, १० वॅटच्या बल्बचे! अर्थात बटण दाबल्या दाबल्या क्षणभर तेवढा झटका खरोखर बसतो. जुने बल्ब बहुधा लावतानाच का उडायचे, त्याचं एक कारण हेच.

हीटर, शेगडी, इस्त्री यांच्यात नायक्रोमची तार असते. तिचा रोध तापल्यावर थोडाच वाढतो. त्यामुळे त्या वस्तूंचा रोध प्लग काढून, थंड असताना मोजला तरी गणिताला चालतो. कशाचा थंड रोध चालतो आणि कशाचा चालत नाही हे समजलं की अर्धं काम झालं.

दुसरा सराव: रॉडचा खरा हिशोब

आता सुरुवातीचा रॉड. त्यावरच्या आकड्यांवरून:

करंट = १५०० ÷ २३० = ६.५२ अँपिअर
रोध = २३० ÷ ६.५२ = ३५.३ ओहम

या ३५.३ वर खूण करून ठेवा, कारण रॉडची खरी ओळख ती आहे. वॅट ही त्याची परिस्थिती. मीटरने रॉडच्या प्लगच्या दोन जाड पिनांमध्ये रोध मोजलात तर याच्या आसपास आकडा यायला हवा. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. अर्थच्या पिनेशी रोध दाखवत असेल तर रॉड फुटलेला आहे, तो पाण्यात घालायचा नाही.

व्होल्टेज १८० असताना:

करंट = १८० ÷ ३५.३ = ५.१ अँपिअर
पॉवर = १८० × ५.१ = ९१८ वॅट

व्होल्टेज २२ टक्क्यांनी उतरलं, पॉवर मात्र ३९ टक्क्यांनी. सूत्रात व्होल्ट दोनदा गुणलेले आहेत ना, मग घटही दोनदा लागते.

१५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायची तर साधारण १५७० किलोज्यूल उष्णता लागते. १५०० वॅटला त्याला साडेसतरा मिनिटं, ९१८ वॅटला साडेअठ्ठावीस. बिलाचं काय? युनिट दोन्हीकडे सारखेच, सुमारे ०.४४. एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तास. कमी वॅट जास्त वेळ चालले, एवढंच. “लाइट कमी आहे म्हणून मीटर जास्त पळतो” हे हीटरच्या बाबतीत खरं नाही. बादली उघडी राहून थोडी उष्णता हवेत जाते, तेवढा फरक सोडला तर.

काही न उघडता करंट आणि रोध काढायची युक्ती

हे मला सगळ्यात आवडतं. यात वायर तोडायची नाही की २३० व्होल्टच्या करंटला हात लावायचा नाही. घराच्या वीज मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असू शकतो, तो वाचून घ्या.

घरातलं सगळं बंद करा. फ्रिज विसरू नका, आणि टीव्हीचा प्लगही काढा. दिवा थांबला किंवा अगदी क्वचित लुकलुकायला लागला की रॉड पाण्यात घालून चालू करा. मोबाइलवर वेळ लावून २० लुकलुकी मोजा. समजा १६ सेकंद लागले.

२० ÷ ३२०० = ०.००६२५ युनिट, म्हणजे ६.२५ वॅट-तास
एका तासात १६ सेकंदांचे २२५ तुकडे
६.२५ × २२५ = १४०६ वॅट

त्याच वेळी कुणाला तरी शेजारच्या सॉकेटवर व्होल्टेज बघायला सांगा. समजा २२२ आलं. मग:

करंट = १४०६ ÷ २२२ = ६.३३ अँपिअर
रोध = २२२ ÷ ६.३३ = ३५.१ ओहम

छापील आकड्यांवरून ३५.३ आला होता. वेगवेगळ्या रीतीने काढलेल्या दोन आकड्यांत एवढा फरक पडणारच. इतकं जुळलं म्हणजे रॉडही ठीक आणि मीटरही ठीक. जास्त बिल आल्याची तक्रार करायला जाण्याआधी हा प्रयोग प्रत्येकाने करावा असं माझं मत आहे. निम्म्या तक्रारी घरातच मिटतील, आणि उरलेल्यांच्या हातात आकडा असेल.

शेगडीची कॉइल ओढून जोडली की काय होतं

कॉलेजच्या पोरांच्या खोल्यांमध्ये कॉइलची शेगडी अजून दिसते. कॉइल तुटते, मग तुटलेली दोन टोकं जरा ओढून, पीळ देऊन जोडली जातात. शेगडी पुन्हा चालू होते, उलट आधीपेक्षा जोरात तापते. सगळे खूश.

२००० वॅटची शेगडी घेऊ. रोध २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम, करंट ८.७ अँपिअर. जोडताना दहावा भाग जळून किंवा पिळात वाया गेला तर उरला २३.८ ओहम. करंट झाला ९.७, पॉवर २२०० च्या वर. असं दोन-तीनदा होऊन पाव कॉइल गेली की रोध १९.८, करंट ११.६ आणि पॉवर २६६७ वॅट. शेगडी तीच, पत्र्याच्या पाटीवर अजून २००० च लिहिलंय, आणि भिंतीत मात्र दिव्यापंख्याचा ६ अँपिअरचा सॉकेट. खरं तर पहिल्या दिवसापासूनच ती तिथे लावायला नको होती.

त्यात भर म्हणजे तो पीळ. पिळाच्या जागी नुसतं टेकलेलं असतं, तिथे स्वतःचा वेगळा रोध तयार होतो. समजा ०.३ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण करंट तिथूनही साडेनऊच जातोय: ९.५ × ९.५ × ०.३ = २७ वॅट, आणि तेही हरभऱ्याएवढ्या जागेत. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक कथील वितळवतं. म्हणून कॉइल पुन्हा तुटते ती बहुधा त्या जोडाशीच.

सैल प्लगचंही असंच. रॉडच्या प्लगमध्ये पिन नीट बसत नसेल आणि तिथे ०.२ ओहम रोध आला असेल, तर ६.५ × ६.५ × ०.२ म्हणजे साडेआठ वॅट त्या पिनेत जळतात. प्लग पिवळा पडला, सॉकेटला करपल्याचा वास आला, की हे गणित चालू आहे असं समजा. सॉकेट बदला, नुसता प्लग नको.

वस्तीपर्यंतची लांब वायर

मीटर रस्त्याकडेला आणि घर आत मळ्यात, असं आपल्याकडे सर्रास. समजा १५० मीटर अंतर आहे आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली आहे. या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. करंटला जावंही लागतं आणि परतही यावं लागतं, म्हणून अंतर ३०० मीटर धरायचं. हे दुप्पट करायला हमखास विसरलं जातं.

७.४ × ०.३ = २.२ ओहम

रॉड लावला की एकूण रोध ३५.३ + २.२ = ३७.५. करंट २३० ÷ ३७.५ = ६.१३ अँपिअर. वायरीत पडलेलं व्होल्टेज ६.१३ × २.२ = १३.५. रॉडपर्यंत पोचले साधारण २१६ व्होल्ट, आणि ८३ वॅट वायर तापवण्यात गेले, ज्यांचं बिल तुम्हीच भरता. ४ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तिचा रोध किलोमीटरला ४.६ ओहम, जाऊन-येऊन १.४, आणि वाया जाणारे वॅट ५४ वर येतात. अ‍ॅल्युमिनियम घेणार असाल तर तेवढ्याच रोधाला सुमारे १.६ पट चौरस मिलिमीटरची वायर लागते.

रॉडचं निभावतं. त्याच वायरीवर एक एचपीची सिंगल फेज मोटार असेल तर खरी कसोटी. चालताना ती सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर पाचपटीच्या घरात. ३० अँपिअर धरा: ३० × २.२ = ६६ व्होल्ट वायरीतच संपले. मोटारीला मिळाले १६४. ती नुसती गुणगुणते, फिरत नाही. लोक कॅपॅसिटर बदलतात, बेअरिंग बघतात. आधी वायर बघा.

कोयनेची वीज २२० आणि ४०० किलोव्होल्टने पाठवतात, त्याचं कारणही वर आलेलं सूत्रच आहे. तारेत वाया जाणारे वॅट म्हणजे अँपिअर × अँपिअर × ओहम. तेवढीच पॉवर हजारपट व्होल्टेजने पाठवली तर करंट हजाराव्या भागाइतका होतो आणि तोच तारेतला तोटा दहा लाखाव्या भागावर येतो.

एलईडी आणि मिलिअँपिअरचा घोळ

१२ व्होल्टच्या बॅटरीवर एक छोटा पांढरा एलईडी लावायचा आहे. एलईडी स्वतःवर साधारण ३ व्होल्ट घेतो आणि त्याला २० मिलिअँपिअर पुरतात. उरलेले ९ व्होल्ट रेझिस्टरने घ्यायचे.

९ ÷ २० केलंत तर ०.४५ येतं आणि मुलं ०.४५ ओहमचा रेझिस्टर मागायला दुकानात जातात. व्होल्ट भागिले मिलिअँपिअर केलं की उत्तर किलोओहममध्ये येतं. ०.४५ किलोओहम, म्हणजे ४५० ओहम. बाजारात जवळचा ४७० चा मिळतो, तो घ्या.

पण वॅटही काढा. बॅटरी चार्जिंगला असताना तिच्यावर १४.४ व्होल्ट असतात. तेव्हा रेझिस्टरवर ११.४ व्होल्ट येतात, करंट ११.४ ÷ ४७० = ०.०२४ अँपिअर, पॉवर ०.२८ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर १२ व्होल्टला चालला असता, चार्जिंगच्या वेळी करपेल. अर्ध्या वॅटचा घ्या. नेहमी सगळ्यात वाईट परिस्थितीचा हिशोब करायचा.

मोटारीला हे सूत्र लावू नका

सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तेव्हापासून इथल्या माणसाला पंप नवा नाही. तरी मोटारीचा रोध मोजून करंट काढायचा मोह सगळ्यांना होतो. समजा एक एचपी मोटारीच्या वाइंडिंगचा रोध २.५ ओहम आला. २३० ÷ २.५ = ९२ अँपिअर. एवढा करंट तर अख्ख्या वस्तीला पुरेल. मोटार फिरायला लागली की ती स्वतःच आत उलटं व्होल्टेज तयार करते, शिवाय कॉइलला एसी करंटपुढे वेगळा अडथळा असतो. मीटरने मोजलेल्या रोधात यातलं काहीच दिसत नाही. मोबाइल चार्जर, एलईडी बल्ब, टीव्ही यांचंही तसंच. त्यांना व्होल्ट × अँपिअर केलं तरी खरे वॅट येत नाहीत, पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती भाग खरे वॅट होतो त्या आकड्याने, गुणावं लागतं.

थ्री फेज मोटारीचं सूत्र असं:

वॅट = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर

५ एचपी म्हणजे शाफ्टवर ५ × ७४६ = ३७३० वॅट. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मोटार आत घेते ४३८८ वॅट. ४१५ व्होल्ट आणि ०.८५ पॉवर फॅक्टरला करंट येतो ७.२ अँपिअर. “एचपीला दीड अँपिअर” हा वायरमन लोकांचा ठोकताळा इथूनच आलाय, आणि तो चांगला आहे.

आता व्होल्टेज ३४० वर आलं तर? रॉडचा करंट अशा वेळी कमी होतो. मोटार उलटी वागते. पाणी उपसायचं काम तर तेवढंच आहे, म्हणून ती करंट वाढवून ते पुरं करायला बघते. ढोबळमानाने ७.२ × ४१५ ÷ ३४० = ८.८ अँपिअर. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दीडपट. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरलेलं असताना मोटारी जळतात त्या यामुळे. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या करंटला सेट केलेला असेल तर तो आधीच ट्रिप होतो. सारखा ट्रिप होतो म्हणून त्याची सेटिंग वाढवून ठेवणाऱ्याला मग वाइंडिंगवाल्याकडे जावं लागतं.

हाताने करून बघा

१००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टला किती अँपिअर घेते, तिचा रोध किती, आणि २०० व्होल्टला तिचे वॅट किती?

१२ व्होल्टचा ३५ वॅटचा हेडलाइट: करंट किती, पेटलेला असताना रोध किती?

१६ अँपिअरच्या एका पॉइंटवर ३ किलोवॅटचा गिझर आहे. मल्टिप्लग लावून त्याच पॉइंटवर १५०० वॅटचा रॉड चालेल का?

१२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर ३ अँपिअर घेणारा फवारणी पंप कागदावर किती वेळ चालेल, आणि तो किती वॅटचा?

उत्तरं: इस्त्री ४.३५ अँपिअर, ५२.९ ओहम, २०० व्होल्टला ७५६ वॅट. हेडलाइट २.९ अँपिअर, ४.१ ओहम. गिझर एकटा १३ अँपिअर, रॉड धरून १९.६, म्हणजे नाही चालणार. पंप ३६ वॅटचा आणि चालेल २ तास ४० मिनिटं, बॅटरी नवी असेल तर.